पिस्तुलाचा एकच भाग पुन्हा पुन्हा तुटतो तेव्हा: कारण शोधण्याची आणि वॉरंटीत दुरुस्ती करून घेण्याची पद्धत

पिस्तुलाचा एखादा लहान भाग, समजा एक्स्ट्रॅक्टर (नळीच्या मागच्या टोकातून, म्हणजे चेंबरमधून, काडतूस बाहेर खेचणारा आकडा), एकदा तुटला तर नवा बसवून पुढे जाणे योग्यच असते, कारण मोठ्या संख्येने तयार होणाऱ्या भागांमध्ये एखादा सदोष निघू शकतो. तोच भाग काही शे राऊंडनंतर (म्हणजे झाडलेल्या गोळ्यांनंतर) पुन्हा तुटला की मात्र प्रश्न बदलतो. या भागावर त्याच्या वाट्याला न येणारा ताण कुठून येतो, हे आता शोधावे लागते आणि त्यासाठी तुटलेल्या भागाइतक्याच बारकाईने त्याच्या शेजारचे भाग, स्प्रिंगा, मॅगझिन आणि काडतुसे तपासावी लागतात. अनेक वापरकर्ते तिसरा, चौथा सुटा भाग मागवत राहतात आणि वॉरंटीची मुदत संपल्यावर उत्पादकाकडे जातात. तोपर्यंत तुटलेले तुकडे टाकून दिलेले असतात, किती राऊंड झाले हे कोणाला आठवत नाही आणि मूळ दोष सिद्ध करण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून दुसऱ्या मोडतोडीनंतर लगेच पद्धतशीर तपास सुरू करावा, असे माझे ठाम मत आहे.

पिस्तूल खरोखर रिकामे आहे का?

बिघाड जाणवताच नेमबाजी थांबवावी. नळी सुरक्षित दिशेला ठेवून आणि बोट ट्रिगरपासून दूर ठेवून प्रथम मॅगझिन काढावे आणि त्यानंतरच स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून अडकवावी. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले काडतूस चेंबरमध्ये चढते आणि पिस्तूल रिकामे केल्याचा केवळ भास होतो.

तुटलेला भाग एक्स्ट्रॅक्टर असेल तर धोका आणखी वाढतो. चेंबरमधले काडतूस बाहेर खेचण्याचे काम ज्या आकड्याचे, तोच मोडलेला असल्याने स्लाइड कितीही वेळा मागे ओढली तरी काडतूस जागचे हलत नाही. त्यामुळे काही बाहेर पडले नाही यावरून चेंबर रिकामे असल्याचे कधीही गृहीत धरू नये. प्रकाशात चेंबरमध्ये प्रत्यक्ष पाहावे आणि करंगळीने चाचपावे. जिवंत काडतूस अडकलेले आढळले तर ते टोकदार हत्याराने उचकटण्याचा प्रयत्न न करता रेंजवरील अधिकाऱ्याला किंवा प्रशिक्षित आर्मररला (शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला) बोलवावे. ट्रिगर दाबूनही गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडे ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, कारण प्राइमर (काडतुसाच्या तळाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी) उशिरा पेट घेऊ शकतो. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर गोळी नळीत अडकलेली असण्याची शक्यता गृहीत धरून पुढचा राऊंड कोणत्याही परिस्थितीत झाडू नये.

काही बिघाडांचा तपास वापरकर्त्याने स्वतः करायचाच नसतो. एकदा ट्रिगर दाबल्यावर दोन गोळ्या सुटणे, स्लाइड पुढे जाताना तिच्यामागोमाग हॅमर (पिनवर आदळणारा घोडा) पडणे, सेफ्टी किंवा डिकॉकर (हॅमर सुरक्षितपणे खाली आणणारा खटका) दगा देणे, फायरिंग पिन (प्राइमरवर टोचा मारणारी काडी) पुढे अडकून राहणे आणि स्लाइड, फ्रेम किंवा नळीवर तडा दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या चाचण्या सोडून पिस्तूल थेट उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे द्यावे.

तुटलेले तुकडे जपणे आणि वाचणे

तुटलेला भाग हा तपासातील सर्वांत मोलाचा पुरावा आहे. सगळे तुकडे शोधून छोट्या पिशवीत ठेवावेत आणि पिशवीवर तारीख व तोपर्यंतच्या राऊंडची संख्या लिहावी. तुकडे एकमेकांत बसतात का हे पाहण्याचा मोह टाळावा, कारण तुटलेल्या पृष्ठभागांचे घर्षण झाले की त्यावरील सूक्ष्म खुणा पुसल्या जातात. तारेच्या ब्रशने घासणेही वर्ज्य. साफसफाई करण्याआधी तुकड्यांची आणि भाग जिथे बसतो त्या जागेची जवळून छायाचित्रे घ्यावीत.

त्यानंतर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून तुटलेला पृष्ठभाग पाहावा. एका कडेपासून सुरू होऊन पसरत गेलेल्या वक्र, गुळगुळीत पट्ट्या आणि शेवटी थोडासा खडबडीत भाग दिसला, तर तडा हळूहळू वाढत गेला आणि उरलेले धातूचे क्षेत्र अखेरीस एकदम तुटले, असे समजावे. यालाच धातूची थकान म्हणतात. अशा तड्याचा उगम बहुधा काटकोनातल्या तीक्ष्ण कोपऱ्याशी किंवा हत्याराच्या ओरखड्याशी असतो, कारण तिथे ताण एकवटतो. संपूर्ण पृष्ठभाग सारखाच दाणेदार असेल तर एकाच मोठ्या आघाताने भाग तुटल्याची शक्यता अधिक. पृष्ठभागाचा काही भाग काळपट किंवा गंजलेला असेल तर तडा जुना असून तेल आणि काजळी त्यात आधीपासून शिरत होती. भाग तुटण्यापूर्वी वाकला असेल तर तो गरजेपेक्षा मऊ राहिला असावा किंवा त्यावर अवाजवी जोर आला असावा. उलट, जराही न वाकता काचेसारखा तुटला असेल तर उष्णताप्रक्रियेत तो अतिकठीण झाला असण्याची, मुलामा चढवताना हायड्रोजन शिरून ठिसूळ झाला असण्याची किंवा आत पोकळी राहिली असण्याची शंका घेता येते. या निरीक्षणांतून अंतिम निष्कर्ष निघत नाही, तरी उत्पादकाला नेमका प्रश्न विचारण्याइतकी माहिती नक्कीच मिळते.

राऊंड आणि ट्रिगरचे दाब यांची वेगळी मोजदाद

प्रत्येक बिघाडासाठी तारीख, एकूण राऊंड, काडतुसाचा उत्पादक, गोळीचे वजन, खोक्यावरील बॅच क्रमांक, वापरलेले मॅगझिन, मागील साफसफाई आणि पिस्तुलात केलेले बदल एवढे लिहून ठेवावे. मॅगझिनांच्या तळावर १, २, ३ असे क्रमांक रंगवले की कोणत्या मॅगझिनबरोबर त्रास होतो हे काही आठवड्यांत उघड होते.

बहुतेक नोंदवह्यांमध्ये सुटणारी बाब म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने केलेला ट्रिगरचा सराव. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी), एक्स्ट्रॅक्टर, स्लाइड स्टॉप (स्लाइड मागे अडकवणारा खटका) हे भाग प्रत्यक्ष गोळीबाराने झिजतात, तर ट्रिगर परत आणणारी स्प्रिंग प्रत्येक दाबाला वाकते, मग गोळी सुटो वा न सुटो. घरी रोज शंभर वेळा ट्रिगर दाबणाऱ्या नेमबाजाचे पिस्तूल राऊंडच्या हिशोबाने नवे असले तरी ती स्प्रिंग वर्षभरात छत्तीस हजारांहून अधिक वेळा वाकलेली असते. ‘हजार राऊंडमध्ये दोनदा स्प्रिंग तुटली’ या तक्रारीचा अर्थ हा आकडा शेजारी ठेवल्यावर पूर्णपणे बदलू शकतो.

दोन मोडतोडींमधले अंतरही बोलके असते. भाग दर वेळी साधारण तेवढ्याच राऊंडनंतर तुटत असेल तर नियमित, मोजका जादा ताण येत आहे आणि त्याचे कारण रचनेत किंवा जुळणीत सापडेल. एकदा पन्नास राऊंडवर आणि एकदा दोन हजारांवर तुटत असेल तर सुट्या भागांची गुणवत्ता, काडतुसांतील फरक आणि हाताळणी यांकडे आधी पाहावे.

कोणता भाग कोणत्या कारणाने तुटतो

एक्स्ट्रॅक्टरपासून सुरुवात करू. १९११ पद्धतीच्या (कोल्ट एम१९११ च्या रचनेवर बेतलेल्या) पिस्तुलात हा स्प्रिंगच्या पोलादाचा लांब भाग असतो आणि मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड खालून त्याच्या आकड्यामागे सरकत जावी, अशी रचना असते. काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून त्यावर स्लाइड आदळली की आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते, आणि ही सवय असेल तर आकड्याचा टवका निघणे किंवा त्याचा ताण कमी होणे ओघानेच येते. मॅगझिनची स्प्रिंग अशक्त असेल तर काडतूस वेळेआधी पुढे निसटते आणि नेमबाजाच्या नकळत हाच प्रकार घडतो. तेव्हा एक्स्ट्रॅक्टर बदलून उपयोग नसतो, मॅगझिन बदलावे लागते.

दुसरे कारण चेंबरमध्ये असते. चेंबरचा पृष्ठभाग खरखरीत किंवा घाणीने भरलेला असेल तर झाडलेली पुंगळी चिकटते आणि आकड्याला ती जोर लावून ओढावी लागते. रिकाम्या पुंगळ्या गोळा करून पाहिल्यास याची साक्ष मिळते. कडेचा तुकडा फाटलेला किंवा वाकलेला असेल तर ओढण्याचा जोर जास्त आहे, आणि पुंगळीच्या अंगावर लांबीच्या दिशेने ठळक ओरखडे असतील तर चेंबर तपासून घ्यायला हवे. आकड्याखाली साठलेली काजळी आणि पितळेचे कण हे साधे कारणही विसरू नये, कारण त्यामुळे आकडा कडेवर पुरता बसत नाही आणि सगळा भार टोकावर येतो.

रिकॉइल स्प्रिंग स्वतः फार क्वचित तुटते. ती हळूहळू लांबी गमावते आणि त्याचे परिणाम इतर भागांवर दिसतात. अशक्त स्प्रिंगमुळे स्लाइड जादा वेगाने मागे येऊन फ्रेमवर आदळते, पुंगळी झटक्याने ओढली जाते आणि एक्स्ट्रॅक्टर, इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) व फ्रेम या सर्वांचा भार वाढतो. तपासणी सोपी आहे: जुनी स्प्रिंग त्याच प्रकारच्या नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून मोकळी लांबी ताडून पाहावी आणि फ्रेमवर जिथे स्लाइड थडकते तिथे धातू चेपला आहे का ते पाहावे. अनेक पूर्ण आकाराच्या पिस्तुलांत ही स्प्रिंग ३,००० ते ५,००० राऊंडनंतर बदलली जाते आणि आखूड पिस्तुलांत त्याहून लवकर. तरी आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेतील आकडाच अंतिम मानावा.

पिस्तुलाचे भाग जपण्याच्या हेतूने जादा ताकदीची स्प्रिंग बसवण्याची पद्धत मला चुकीची वाटते. पाच इंची नळीच्या .४५ कॅलिबरच्या १९११ पिस्तुलासाठी १६ पौंडांची स्प्रिंग ही रूढ निवड आहे. तिथे २० पौंडांची स्प्रिंग घातली की मागचा आघात कमी होतो खरा, पण स्लाइड तितक्याच जोराने पुढे आदळते आणि स्लाइड स्टॉपची काडी व नळीखालचा कान यांना तो मार सोसावा लागतो. चेक बनावटीच्या सीझेड ७५ पिस्तुलाच्या रचनेतही स्लाइड स्टॉपची काडी नळीखालच्या खाचेतून जाते आणि प्रत्येक राऊंडला भार घेते. म्हणूनच या पिस्तुलांवर भरपूर नेमबाजी करणारे स्पर्धक एक जादा स्लाइड स्टॉप जवळ बाळगतात. दीर्घ वापरानंतर ही काडी तुटणे समजण्यासारखे आहे. ती वारंवार आणि लवकर तुटत असेल तर स्प्रिंगची ताकद आणि नळीच्या खाचेची झीज तपासावी.

फायरिंग पिनचे टोक तुटत असेल तर झाडलेल्या पुंगळ्यांचे प्राइमर पाहावेत. प्राइमरवर गोल खळग्याऐवजी एका बाजूला ओढलेली शेपटी दिसत असेल तर नळी खाली झुकते तेव्हा पिनचे टोक अजून प्राइमरमध्येच आहे, आणि आडव्या दिशेने येणारा तो जोर टोक मोडतो. काही रचनांत अशी खूण थोडीफार दिसतेच. पण ती अलीकडे वाढली असेल तर पिन मागे घेणारी स्प्रिंग अशक्त झाली आहे किंवा पिनच्या मार्गात घट्ट झालेले तेल आणि काजळी साठली आहे. या मार्गात सढळ हाताने तेल सोडणे हे बिघाडाला आमंत्रणच असते. प्राइमरला आरपार छिद्र पडत असेल तर तप्त वायू पिनच्या टोकावर खड्डे पाडतो, आणि तिथे काडतुसाचा दाब किंवा पिनची लांबी संशयास्पद ठरते.

रिकाम्या पिस्तुलाचा सराव करताना .२२ रिमफायर पिस्तुलांत (ज्यांत पिन काडतुसाच्या कडेवर मारते) पिन चेंबरच्या कडेवर आदळण्याचा धोका असतो, आणि सीझेड ७५ मध्ये पिन अडवणारी छोटी रोल पिन अशा सरावाने तुटल्याचे नेमबाजांना परिचित आहे. उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिलेली नसल्यास सरावाचे नकली काडतूस वापरणे हाच उपाय. ट्रिगरच्या स्प्रिंगबाबत ती नेमकी कुठे तुटली हे पाहावे: नेहमी त्याच वळणावर तुटत असेल तर तिथे हत्याराची खूण आहे किंवा तिचा पाय शेजारच्या धातूवर घासतो आहे.

एका वेळी एकच बदल

संशयितांची यादी तयार झाली की पिस्तूल मूळ स्थितीत आणावे. बाहेरच्या उत्पादकाच्या स्प्रिंगा, ट्रिगरचे भाग आणि नळी काढून कारखान्याचेच भाग बसवावेत, आणि काडतुसेही प्रमाणित दाबाची, कारखान्यात भरलेली व एकाच बॅचची घ्यावीत. सामी या अमेरिकी शस्त्र-काडतूस उत्पादक संघटनेच्या मानकानुसार ९ मिमी लुगर काडतुसाचा कमाल दाब ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), तर जादा दाबाच्या प्लस-पी प्रकाराचा ३८,५०० पीएसआय आहे. हा फरक सतत सोसण्यासाठी प्रत्येक पिस्तूल बनवलेले नसते आणि तसे पुस्तिकेत लिहिलेलेही असते. घरी पुन्हा भरलेली काडतुसे या टप्प्यावर पूर्ण बाजूला ठेवावीत, कारण त्यांच्यामुळे तपास आणि वॉरंटी दोन्ही धोक्यात येतात.

यानंतर एकच गोष्ट बदलावी, दर शंभर राऊंडला पिस्तूल रिकामे करून संशयित भाग भिंगाखाली पाहावा आणि निरीक्षण लिहावे. एकाच वेळी स्प्रिंग, मॅगझिन आणि काडतुसे बदलली तर दोष नाहीसा झाला तरी कशामुळे गेला ते कळत नाही. आधीच्या मोडतोडींतील सर्वांत मोठ्या अंतराच्या दुप्पट राऊंड निर्विघ्न होईपर्यंत पिस्तूल बरे झाले असे म्हणू नये. या काळात स्वसंरक्षणासाठी त्यावर विसंबूही नये.

सीअर (हॅमर रोखून धरणारा भाग) किंवा हॅमरच्या खाचा कानशीने घासणे, स्प्रिंग कापणे, तुटलेला भाग जोडून पुन्हा वापरणे हे काहीही करू नये. त्यातून पिस्तूल असुरक्षित होते आणि उत्पादकाला वॉरंटी नाकारण्यासाठी लेखी कारण मिळते.

दोष तुमच्या एकट्याच्या पिस्तुलात आहे का?

उत्पादकांनी एकाच मॉडेलमध्ये एकाच भागाच्या अनेक आवृत्त्या काढलेल्या असतात, त्यामुळे जुन्या स्लाइडमध्ये नव्या आवृत्तीचा एक्स्ट्रॅक्टर बसतो असे वाटले तरी तो योग्य कोनात बसेलच असे नाही. सुटा भाग मागवताना पिस्तुलाचा अनुक्रमांक देऊन आवृत्ती निश्चित करावी. तसेच उत्पादकाच्या संकेतस्थळावर परत-बोलावणी आणि मोफत सुधारणांची यादी तपासावी. ग्लॉकने २०११ मध्ये चौथ्या पिढीच्या पिस्तुलांसाठी रिकॉइल स्प्रिंगचा संच स्वेच्छेने बदलून देण्याची घोषणा केली होती. रुगरने २००८ मध्ये एसआर ९ पिस्तुले परत बोलावली. सिग सावरने २०१७ मध्ये पी ३२० साठी ऐच्छिक सुधारणा जाहीर केली. बेरेटा ९२ ची स्लाइड लष्करी वापरात तुटून मागे उडाल्याच्या घटनांनंतर ९२ एफएस मध्ये हॅमरच्या पिनचे डोके मोठे करण्यात आले, जेणेकरून तुटलेली स्लाइड अडावी. रचनेतला असा दोष वापरकर्ता स्वतः दूर करू शकत नाही. आपला अनुक्रमांक त्या यादीत आहे का, एवढेच त्याने पाहायचे असते.

वॉरंटीचा दावा

वॉरंटीच्या कागदात चार गोष्टी शोधाव्यात: संरक्षण पहिल्या खरेदीदारालाच आहे की पिस्तूल ज्याच्याकडे असेल त्याला, मुदत किती, झिजणाऱ्या स्प्रिंगा वगळल्या आहेत का, आणि पुन्हा भरलेली काडतुसे, बाहेरचे भाग व गंज यांबाबत काय म्हटले आहे. लेखी वॉरंटी नसतानाही काही उत्पादक दुरुस्ती करून देतात, त्यामुळे कागद सापडला नाही म्हणून विचारणाच न करणे योग्य नाही.

पत्र छोटे, तारखांसह आणि भावनारहित असावे. त्याचा नमुना असा: ‘पिस्तुलाचा अनुक्रमांक अमुक. एकूण राऊंड २,१००, सर्व कारखान्यात भरलेले. एक्स्ट्रॅक्टरचा आकडा ६०० राऊंडला प्रथम तुटला. आपल्याकडून मिळालेला नवा भाग १,३०० ला आणि त्यानंतरचा २,१०० ला तुटला. मॅगझिन बदलूनही फरक पडला नाही. पुंगळ्यांच्या कडा फाटलेल्या आढळतात. छायाचित्रे सोबत आहेत. केवळ भाग न बदलता चेंबर, हेडस्पेस आणि स्लाइडमधील एक्स्ट्रॅक्टरची खाच यांची मोजमापे घेऊन कारण लेखी कळवावे.’ हेडस्पेस म्हणजे चेंबरमध्ये काडतुसाला लांबीच्या दिशेने मिळणारी जागा. पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण ते नसेल तर भाग बदलून, दोन-चार राऊंड झाडून पिस्तूल परत येण्याचीच शक्यता अधिक असते. बसवलेल्या भागाची आवृत्ती, चाचणीत किती राऊंड झाडले आणि दुरुस्तीवर नवी मुदत मिळते का, हेही विचारावे.

सुटा भाग न मागवता संपूर्ण पिस्तूल, तुटलेले तुकडे, फाटलेल्या कडांच्या काही रिकाम्या पुंगळ्या आणि संशयित मॅगझिन पाठवावे. पिस्तुलासोबत जिवंत काडतुसे कधीही पाठवू नयेत. बाहेरचा भाग बसवलेला असताना मोडतोड झाली असेल तर ते प्रामाणिकपणे लिहावे. ती माहिती लपवली तर कारागीर चुकीच्या दिशेने शोधत राहतो आणि नुकसान आपलेच होते.

पाठवण्यापूर्वी आपल्या देशाचा शस्त्र कायदा पाहणे अनिवार्य आहे. दुरुस्तीसाठी पिस्तूल दुसऱ्याच्या ताब्यात देण्यासाठी अनेक ठिकाणी परवानाधारक विक्रेत्यामार्फतच जावे लागते आणि वाहतुकीची स्वतंत्र परवानगी लागते. काही देशांत फ्रेमबरोबर नळी आणि स्लाइड यांनाही शस्त्राचाच दर्जा आहे, त्यामुळे एकटी स्लाइड पाठवणेही साधे पार्सल ठरत नाही. ताबा दिल्याची पावती अनुक्रमांकासह घ्यावी.

पिस्तूल परत आल्यावर

प्रथम अनुक्रमांक परवान्याशी आणि दुरुस्तीचा कागद आपल्या प्रश्नांशी ताडून पाहावा. नकली काडतुसांनी भरणे, खेचणे आणि बाहेर फेकणे ही क्रिया तपासावी. रेंजवर सुरुवातीला मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरावे, मग दोन भरून ट्रिगरच्या एका दाबाला एकच गोळी सुटते याची खात्री करावी आणि त्यानंतरच पूर्ण मॅगझिन वापरावे. राऊंडची मोजदाद दुरुस्तीच्या दिवसापासून नव्याने सुरू करावी, जुनी नोंद मात्र जपावी.

तोच भाग पुन्हा तुटला तर सेवा केंद्राऐवजी उत्पादकाच्या वरिष्ठ विभागाला संपूर्ण कालक्रम पाठवून पिस्तूल किंवा फ्रेम बदलून मागावी, आणि नकार आल्यास आपल्या देशातील ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे तीच कागदपत्रे द्यावीत. बदलून मिळालेल्या पिस्तुलाचा किंवा फ्रेमचा अनुक्रमांक वेगळा असू शकतो. तसे झाल्यास तो परवान्यावर नोंदवून घेतल्याशिवाय पिस्तूल ताब्यात घेऊ नये, आणि जुन्या पिस्तुलासाठी साठवलेले सुटे भाग आवृत्ती तपासल्याशिवाय नव्यात बसवू नयेत.